वळणावरच्या तीन चंदेरी गाड्या

१

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी दिल्लीत धुकं आणि धूर यांची अशी काही सरमिसळ झाली होती की पटपडगंजच्या ‘नीरा कुंज’ सोसायटीत समोरच्या इमारतीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. दूधवाला सायकल हातात धरून आत आला आणि गेटजवळच्या वळणावर त्याचा पाय अडखळला. मेंदीच्या कुंपणाशी राखाडी शाल पांघरलेली एक म्हातारी बाई पडली होती. श्वास चालू होता. डोक्याखालची फरशी ओली होती.

त्या अलकनंदाकाकू. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी उभा जन्म शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतर सोसायटीला शिकवत होत्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी ‘पाणि येणार नाही’ असं लिहिलं की काकू खाली नुसतं ‘पाणी’ लिहायच्या. डॉक्टर ओरडायचे तरी पहाटेची फेरी त्यांनी कधी चुकवली नाही.

दोन दिवस त्या शुद्धीवर आल्या नाहीत. गुरुवारी सकाळी गेल्या.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. गाडीचा पुढचा भाग मांडीला लागला, खांदा बोनटवर आपटला आणि त्या बाजूला फेकल्या जाऊन डोकं फरशीच्या कडेवर आदळलं. गाडी फार जोरात नव्हती. काच फुटली नाही, दिवा फुटला नाही, रस्त्यावर काही सांडलं नाही. शालीवर तेवढा चंदेरी रंगाचा बारीक चुरा होता.

त्या पहाटे गेटमधून तीनच गाड्या बाहेर पडल्या होत्या. कॅमेऱ्यात धुक्याखेरीज काही नव्हतं, पण गेटवरच्या विष्णूनं तिन्ही गाड्या स्टिकरवरून ओळखल्या होत्या. आधी हेरंब कर्णिक, मग सोसायटीचे सेक्रेटरी सुधन्वा, शेवटी चैतन्य. तिन्ही गाड्या चंदेरी. तिघंही आपण गेल्याचं कबूल करत होते आणि काकू दिसल्या नाहीत म्हणत होते.

पोलिसांनी गाड्या नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या. ठसठशीत पोचा एकाच बोनटवर होता. चैतन्यच्या.

चैतन्यची बायको मैत्रेयी मानेसरच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात होती. गाड्यांचे दरवाजे, बोनट, छपरं हव्या त्या आकाराची झाली आहेत की नाहीत हे बघणं हेच तिचं काम. गेली दहा वर्षं ती लोकांच्या गाड्यांचे पोचे शोधत होती. स्वतःच्या गाडीचा तो पोचा बघायला मात्र तिला खाली जाववेना.

२

गुरुवारी निगमबोध घाटावर काकूंना अग्नी देऊन परतल्यावर सगळे क्लबरूममध्ये जमले. इन्स्पेक्टर तोमर दाराशी उभे होते. त्यांनी चैतन्यला पुन्हा तेच विचारलं आणि चैतन्यनं पुन्हा तेच सांगितलं. तो पहाटे बॅडमिंटनला गेला होता. बोनटवरचा पोचा ऑक्टोबरातला, रंगकामाच्या परांचीवरून बांबू पडला होता.

“किसी ने देखा?” तोमरांनी विचारलं.

कुणी पाहिलं नव्हतं. पोचा तेव्हाच दुरुस्त करायचा होता, राहून गेला.

त्या वेळी सुधन्वाच मदतीला धावला. तो मूळचा मुंबईचा, मोठ्या कंपन्यांचा वकील, आणि सोसायटीत कुणाचंही काही अडलं की पहिला फोन त्यालाच जायचा. त्या पहाटे तो पानिपतला एका सूतगिरणीच्या कामाला गेला होता, तो थेट अंत्ययात्रेलाच परत आला होता आणि पोलिसांनी त्याची गाडी घाटाबाहेरच पाहिली होती. “इन्स्पेक्टर साहब, यहाँ हर गाड़ी पर निशान है,” तो म्हणाला. मग मैत्रेयीकडे वळून मराठीत, “यात काय नवीन? मे महिन्यातल्या गारांचे खड्डे माझ्या गाडीवर अजून तसेच आहेत. इन्शुरन्सशी केस चालू आहे म्हणून मी हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला. अशानं आम्हीही खुनी ठरू.”

मैत्रेयीला त्याच्याबद्दल फार बरं वाटलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेले हेरंबकाका मात्र काहीच बोलले नाहीत. रिटायर्ड डेप्युटी सेक्रेटरी, एरवी कुठल्याही मीटिंगमध्ये तासभर बोलणारा माणूस, आणि त्या दिवशी नजर वर करायला तयार नाही.

घरी आल्यावर चैतन्य जेवला नाही. गॅलरीत फेऱ्या घालत राहिला. मग आत येऊन म्हणाला, “डॉक्टर काय म्हणाले? किती वेळ पडून होत्या त्या?”

“अर्धा तास. लवकर आणलं असतं तर वाचल्या असत्या, म्हणाले.”

तो पुन्हा गॅलरीत गेला. थोड्या वेळानं परत आला. “अर्धा तास नक्की? कुणी पाहिलं का त्यांना घरातून निघताना?”

हाच प्रश्न तो मंगळवारपासून फिरवून फिरवून विचारत होता. काकूंना कसं लागलं, गाडी कुठली असेल, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. बारा वर्षं संसार केलेल्या माणसाला ‘तू केलंस का’ असं कसं विचारायचं, हे मैत्रेयीला उमगेना.

म्हणून तिनं विचारलं नाही. शुक्रवारी साहेबांना सांगून तिनं ऑफिसातलं पत्र्याचा आकार मोजणारं सुटसुटीत स्कॅनर घरी आणलं.

३

तळघराचं वॉटरप्रूफिंग एप्रिलमध्ये सुरू झालं होतं ते दिवाळीला संपलं. तोवर सगळ्यांच्या गाड्या उघड्यावरच असायच्या. आता तळघर मोकळं होतं आणि या कामाला अंधार हवाच होता. तिनं चैतन्यला सांगितलं नाही. तो झोपला आहे असं बघून किल्ली घेऊन ती खाली गेली.

आधी बोनटवर पांढरी फवारणी केली. चकचकीत रंगावरून उजेड आरशासारखा भलतीकडे उडतो, त्यामुळे पृष्ठभाग निस्तेज करावा लागतो. ही भुकटी काही तासांत आपोआप उडून जाते. मग तिपाईवर स्कॅनर चढवलं. एका बाजूला प्रोजेक्टर, हातभर अंतरावर कॅमेरा. दिवे घालवले आणि बटण दाबलं.

बोनटवर उजेडाच्या बारीक पट्ट्या पसरल्या. सपाट जागी त्या सरळ गेल्या, बोनटच्या उताराबरोबर हळूच वळल्या, आणि पोच्याशी येऊन एकदम मोडल्या.

या मोडण्यातच सगळं असतं. प्रोजेक्टर पट्टी कुठल्या कोनात टाकतो ते माहीत, कॅमेरा ती कुठल्या कोनात बघतो ते माहीत, दोघांमधलं अंतर माहीत. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन हातात असले की तिसरं टोक, म्हणजे बोनटवरचा तो ठिपका, किती आत किंवा बाहेर आहे ते काढता येतं. असे लाखो ठिपके मिळून लॅपटॉपवर बोनटचा आकार उभा राहतो. आत गेलेलं निळं दिसतं, वर आलेलं लाल, आणि जागच्या जागी असलेलं हिरवं.

मैत्रेयी पडद्याकडे बघायला घाबरत होती. कारखान्यात हाच पडदा ती चहा पिता पिता बघायची.

चित्र आलं. निळी रेघ सरळ, अरुंद आणि खोल, पन्हळीसारखी. बोनटच्या मधोमध आडवी पडलेली. दोन्ही टोकांना लाल कड. वरून काहीतरी गोल आणि लांब, कडक असं पडलं होतं. माणसाचा खांदा असा आकार करत नाही. आणि बोनटची पुढची कड, जी माणसाला सर्वांत आधी लागली असती, तिला काहीच झालं नव्हतं. गारांच्या बारीक टिकल्या तेवढ्या सगळीकडे होत्या, देवीच्या व्रणांसारख्या.

बांबूच होता. ती खाली फरशीवर बसली आणि कितीतरी वेळ उठली नाही.

उठली तेव्हा जिन्याच्या दारात चैतन्य उभा होता.

“पहिली आपलीच गाडी,” तो म्हणाला.

“चैतन्य, हे बघ, तुझ्या गाडीनं...”

“बघितलं,” तो म्हणाला, आणि वर निघून गेला.

४

तोमरांनी लॅपटॉपवरचं चित्र नीट पाहिलं. माणूस उद्धट नव्हता. “मैडम, फॉरेन्सिक की रिपोर्ट में महीने लगेंगे. और आप उनकी वाइफ हैं,” एवढंच म्हणाले. म्हणजे उरलेल्या दोन गाड्याही मोजायच्या, याला दुसरा रस्ता नव्हता.

सुधन्वानं तर स्वतःहून किल्ली पुढे केली. “मोज, मोज. मी सेक्रेटरी, मीच नाही म्हटलं तर बाकीचे कसे देतील?” तो तळघरात तिच्याबरोबर उभा राहिला, पट्ट्या बघून लहान मुलासारखा खूश झाला, फोटोही काढले. बोनटवर काही निघालं नाही. पडदा सगळा एकसारखा हिरवा, गुळगुळीत. मैत्रेयीला ओशाळल्यासारखं झालं. तिनं त्याची माफी मागितली.

“अगं, माफी कसली,” तो म्हणाला. “चैतन्यला सांग, मी आहे.”

हेरंबकाकांनी दारच पुरतं उघडलं नाही. साखळीच्या फटीतून ते म्हणाले, “माझ्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. आहे का तुमच्याकडे वॉरंट?”

“काका, मी पोलीस नाही. मी आधी आमची मोजली. चैतन्यला न सांगता.”

मग साखळी निघाली. आत घरभर झेंडूचा वास होता. भिंतीवर काकांच्या पत्नीच्या फोटोला हार होता. अलकनंदाकाकू कर्णिकांच्या पत्नीची मैत्रीण, आणि पत्नी गेल्यावर काकांना डबा द्यायच्या, हे मैत्रेयीला तेव्हा आठवलं.

“मंगळवारी गाझीपूरच्या मंडीत फुलं आणायला गेलो होतो,” काका म्हणाले. “हिची तिथी होती. खरं सांगू का, मला पहाटेचं दिसत नाही. मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन टाळतोय. धुक्यात तर मी अंदाजानं गाडी काढली.” त्यांनी फोटोवरचा हार सरळ केला. “मी त्यांना उडवलं असेल, तर मला कळलंही नसेल. चार दिवस मी हाच विचार करतोय. बोनटवरून हात फिरवला तर पोचाही लागतो. मोठा आहे.”

“आधीपासून होता का?”

“मला दिसत नाही, मैत्रेयी. मला काय माहीत, कधीपासून आहे.”

खाली त्यांच्या गाडीवर पट्ट्या टाकल्या. बोनटवर रुंद, उथळ, बशीसारखा निळा खळगा. एखाद्या माणसाचं वजन पडल्यासारखा.

५

त्या रात्री तिला झोप आली नाही आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिनं लॅपटॉप उघडला. तोमरांना फोन लावला की म्हाताऱ्या माणसाची फरफट सुरू होणार होती. त्याआधी तिला खात्री हवी होती. कारखान्यात ती नवीन मुलांना सांगायची, पोचा दिसला की आधी तो कुठे आहे ते बघा, मग केवढा आहे ते.

कुठे होता काकांचा पोचा? बोनटच्या मागच्या टोकाला, काचेला लागून. पुढची कड तर शाबूत होती. हळू चाललेली गाडी माणसाला पुढून लागते, काचेपाशी नाही. मग हे वजन आलं कुठून? तिनं खिडकीतून खाली पाहिलं. भिंतीवरून माकडांची टोळी नेहमीसारखी रांगेनं उतरत होती आणि त्यातलं एक दणकट माकड एका गाडीच्या छपरावरून बोनटवर धपकन येऊन बसलं. तिला त्या अवस्थेतही हसू आलं. दिवाळीपर्यंत काकांची गाडी त्या भिंतीलगतच उभी असायची.

म्हणजे चैतन्य नाही, काका नाहीत, सुधन्वाचं बोनट तर कोरं. मग चौथी गाडी होती की काय? पण विष्णू शपथेवर सांगत होता, तीनच गेल्या.

तिनं तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. बांबूची रेघ विसरायची, माकडाची बशी विसरायची, आणि उरलेला पत्रा बघायचा. चैतन्यच्या बोनटवर गारांच्या टिकल्या. काकांच्या बोनटवर गारांच्या टिकल्या.

सुधन्वाचं बोनट कोरं.

ती कितीतरी वेळ त्या हिरव्या चौकोनाकडे बघत राहिली. मे महिन्यात तळघर बंद होतं. एकही गाडी आडोशाला नव्हती. तीनच दिवसांपूर्वी तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की गारांचे खड्डे तसेच आहेत, हातही लावू दिलेला नाही. चैतन्यला वाचवण्यासाठी म्हणाला होता. कदाचित खरंच वाचवायचं असेल त्याला.

पोचा शोधायच्या नादात पोचा नसण्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं.

तिनं सुधन्वाला फोन केला. “काल छप्पर राहिलं तुमचं. सगळ्यांचं सारखं झालेलं बरं, पोलिसांना दाखवायला. पाच मिनिटं लागतील.”

“बिल्कुल,” तो म्हणाला. “किल्ली विष्णूकडे ठेवतो.”

छपरावर पट्ट्या पडल्या आणि जागोजागी बारीक बारीक थरकल्या. गारांनी ते छप्पर चाळणीसारखं टोचून काढलं होतं.

६

“नया बोनट लगवाना जुर्म नहीं है, मैडम,” तोमर म्हणाले, पण टोपी घालून तिच्याबरोबर निघाले.

सुधन्वाच्या घरी त्याची बायको पद्मजा हिनं दार उघडलं. तिनं चहा टाकला. सुधन्वा आतून आला, तोमरांना बघून क्षणभर थबकला आणि मग नेहमीसारखा हसला. मैत्रेयीनं लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. बोनट आणि छप्पर, दोन्ही चित्रं.

“छपरावर गारा पडल्या आणि बोनटवर पडल्या नाहीत, असं कसं झालं?” तिनं विचारलं.

“बोनट बदललंय ना,” तो लगेच म्हणाला. “जूनमध्येच. फार खराब झालं होतं.”

“गुरुवारी तुम्ही म्हणालात, हातही लावू दिला नाही.”

“बोलण्याच्या ओघात म्हणालो असेन. छपराबद्दल.” त्यानं तोमरांकडे पाहिलं. “साहब, मैं वकील हूँ. इससे कुछ साबित नहीं होता.”

हे खरं होतं. मैत्रेयीलाही ते कळत होतं. पट्ट्यांनी आकार मोजता येत होता, तारीख नाही. तोमर उठायच्या बेतात होते.

पद्मजा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तिनं तो खाली ठेवला नाही.

“सुधन्वा,” ती म्हणाली, “नोव्हेंबरमध्ये इन्शुरन्सचा सर्व्हेअर आला होता. बोनटवरच्या एकेका खड्ड्याभोवती त्यानं खडूनं गोल काढले होते. तू मला वरून बघायला बोलावलंस. म्हणालास, बघ, रांगोळी काढलीय.”

सुधन्वा खाली बसला. पद्मजा तशीच उभी राहिली. तिला हे आत्ता, बोलता बोलताच कळत गेलं होतं.

“काहीतरी वाजलं,” शेवटी तो म्हणाला. मराठीतच म्हणाला, तोमरांसाठी नाही. “वळणावर. मी ब्रेक मारला, मागे बघितलं. धुकं होतं नुसतं. वाटलं, कुत्रं असेल. पानिपतला मीटिंग होती, उशीर झाला होता. मी उतरलो नाही. तिथे पोचलो, उतरून पुढे आलो आणि बोनट बघितलं. कडेला राखाडी लोकर अडकली होती.” तो थांबला. “तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला होता. काकूंना हॉस्पिटलमध्ये नेलंय म्हणून.”

“आणि तू लिहिलंस, रक्त लागलं तर मला सांगा,” पद्मजा म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. पानिपतच्या गॅरेजचं नाव त्यानं तोमरांनी न विचारताच सांगितलं.

७

मैत्रेयी घरी आली तेव्हा चैतन्य गॅलरीतच होता. खाली पोलिसांची जीप गेटबाहेर पडत होती. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्याला हायसं वाटेल, निदान तो बसेल तरी, असं तिला वाटलं होतं. तो बसला नाही.

“मी तुला न विचारता गाडी मोजली,” ती म्हणाली. “चुकलं माझं. तू सारखा तेच विचारत होतास, किती वेळ पडून होत्या, कधी निघाल्या. मला वाटलं...”

“तुला बरोबर वाटलं.”

मैत्रेयीनं हातातला लॅपटॉप खाली ठेवला.

“विष्णू काय म्हणाला? सुधन्वाच्या मागून मी गेलो,” चैतन्य म्हणाला. “वळणावर दिव्याच्या उजेडात कुंपणाशी काहीतरी दिसलं. राखाडी. पोतं वाटलं मला, माळ्यानं पाल्याचं टाकून ठेवलेलं. मग वाटलं, हललं का? मी गाडी हळू केली, मैत्रेयी. पूर्ण थांबवली नाही. बॅडमिंटनचं कोर्ट बुक केलेलं होतं, बरोबरची मुलं वाट बघत होती. म्हटलं, पोतंच असेल.” त्यानं गॅलरीचा कठडा धरला. “तेव्हा उतरलो असतो तर दूधवाल्याच्या कितीतरी आधी त्या हॉस्पिटलमध्ये असत्या.”

खाली कुणीतरी क्लबरूमच्या खुर्च्या सरकवत होतं. त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

“कुणी विचारलंच नाही मला,” तो म्हणाला. “दिसल्या का, एवढंच विचारलं. मी म्हटलं नाही. खोटं तर नव्हतं. मला त्या काकू म्हणून नव्हत्याच दिसल्या.”

“नव्हत्या,” ती म्हणाली.

“पण हललेलं दिसलं होतं.”

तो सुटला म्हणून तळघरात मैत्रेयी कितीतरी वेळ फरशीवर बसून राहिली होती, आणि आता या गोष्टीचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं. यात गुन्हा होता की नाही हे तोमर सांगतील, किंवा कुणीच सांगणार नाही.

“तोमर एवढ्यात चौकीवर पोचतील,” चैतन्य म्हणाला. “सांगून येतो. काय करतील ते करतील.”

त्यानं कपाटातून स्वेटर काढला, चपला घातल्या. किल्ल्यांच्या खुंटीकडे त्याचा हात गेला आणि परत आला.

“चालतच जातो,” तो म्हणाला.

मैत्रेयीनं गॅस बंद आहे ना ते पाहिलं, शाल घेतली आणि दाराला कुलूप लावलं. “थांब,” ती म्हणाली, “मी येते.”